रोहिंग्या कॅम्पमध्ये एवढी मदत जाते तरी खरूज, कुपोषण का हटत नाही? सेमिनारसाठी माहिती पाहिजे

कृष्णाकाठची_सिस्टर

नमस्कार मंडळी. मी सांगलीत बीएस्सी नर्सिंग करते, थर्ड इयर. कम्युनिटी हेल्थच्या सेमिनारला मॅडमनी चिठ्ठ्या काढल्या, बाकीच्यांना ॲनिमिया, डेंग्यू असले सरळ विषय गेले आणि माझ्या वाट्याला आलं 'निर्वासितांच्या छावण्यांमधलं आरोग्य'. मी बांगलादेशातले कॉक्स बाजारचे, म्यानमारमधून पळून आलेल्या रोहिंग्यांचे कॅम्प घ्यायचं ठरवलंय कारण त्यावर वाचायला भरपूर मिळतंय, पण वाचून वाचून डोकं भंजाळलंय.

म्हणजे बघा ना, तिथे डब्ल्यूएचओ आहे, युनिसेफ आहे, एमएसएफ म्हणजे ते 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'वाले आहेत, दवाखाने फुकट, लसी फुकट. आणि तरी २०२३ मध्ये एमएसएफ सांगते की कॅम्पमधल्या जवळजवळ ४० टक्के लोकांना खरूज आहे. खरूज! आमच्या पोस्टिंगला एका वसतिगृहात सगळ्या पोरांना एकदम झाली होती, सगळ्यांना एकाच दिवशी परमेथ्रिनचं मलम लावलं, चादरी उकळत्या पाण्यात टाकल्या, उन्हात वाळवल्या, संपला विषय. मग तिथे का नाही संपत?

आणि दुसरं, मॅडम म्हणाल्या की हे लोक 'स्टेटलेस', म्हणजे कुठल्याच देशाचे नागरिक नाहीत, हा मुद्दा आला नाही तर सेमिनार अर्धा. मला ते राजकारण वाटतंय, नर्सिंगमध्ये ते कुठं बसवायचं? पासपोर्ट नसला म्हणून कुणाला खाज सुटते का 😅 कुणी ह्या क्षेत्रातलं असेल तर प्लीज सांगा. विकिपीडियाची लिंक नको, ती वाचून झाली.

---

वाळव्याचा_पाणीवाला

ताई, मी डॉक्टर नाही, पाण्याचा माणूस. सिव्हिल केलं, आधी इकडं पाणीपुरवठा योजनांवर होतो, नंतर एका संस्थेतर्फे उखियाला, म्हणजे कुतुपालोंगच्या कॅम्पात. त्यामुळे मला जे दिसलं ते नळ, गटार आणि संडास ह्या बाजूनंच दिसलं. पण खरं सांगू का, तुझ्या खरजेचं उत्तर बरंचसं तिथंच आहे.

आधी जागा डोळ्यापुढं आण. २५ ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारच्या लष्कराने रखाईन प्रांतातली रोहिंग्यांची गावं जाळली आणि काही महिन्यांत सात लाखांच्या वर माणूस सीमेवरची नाफ नदी ओलांडून आला. आधीचे धरून आज दहा लाखांच्या वर आहेत, उखिया आणि टेकनाफ ह्या दोन तालुक्यांत मिळून ३३ कॅम्प. आपली सांगली-मिरज-कुपवाड महापालिका २०११ च्या जनगणनेत पाच लाखांची. तिच्या दुप्पट माणसं, आणि ती सपाटीवर नाही तर वाळू-मातीच्या टेकड्यांवर. जंगल होतं तिथं, हत्तींची जायची यायची वाट होती. लोकांनी झाडं तोडली, चुलीला मुळंसुद्धा उपटली, मग पहिल्याच पावसात टेकड्या खाली यायला लागल्या. २०१८ पासून गॅस सिलिंडर द्यायला सुरुवात झाली तेव्हा कुठं सरपण थांबलं आणि घरातला धूरही.

माणशी जागा किती असावी ह्याचा निर्वासित छावण्यांसाठी एक मापदंड आहे, ४५ चौरस मीटर, त्यात रस्ते, संडास, दवाखाना सगळं धरून. कुतुपालोंगमध्ये २०१८ ला सरासरी पडत होती १०.७. म्हणजे एकशे पंधरा स्क्वेअर फूट. आपल्याकडं ह्याहून मोठी मोटारीची पार्किंग असते. त्यातच झोपायचं, त्यातच रांधायचं, त्यातच बायकांनी आंघोळ करायची, कारण बाहेर आडोसा नाही.

आता खोपटं कशाचं? बांबू आणि ताडपत्री. विटा, सिमेंट चालत नाही. पैसे नाहीत म्हणून नव्हे बरं का, बांगलादेश सरकारचं धोरणच आहे की ही माणसं परत जाणार आहेत तेव्हा पक्कं काही उभं करायचं नाही. मला सुरुवातीला हे पचायला फार जड गेलं. आपण इंजिनीअर लोक तीस वर्षांचं डिझाईन करणारे, आणि इथं प्रत्येक गोष्ट 'तात्पुरती' म्हणून मंजूर करून घ्यायची. बांबूसुद्धा कच्चा, प्रक्रिया न केलेला, त्याला भुंगा लागतो. दिवसा बघितलं तर खांब चांगला दिसतो, खाली पिवळा भुसा पडलेला असतो, अंगठा दाबला की आत जातो. अशा खांबावर वादळाच्या सीझनमध्ये सात-आठ माणसांचं घर. नंतर बांबूला औषध देणारे प्लांट टाकले ते बरं झालं.

पाण्याचं सांगतो. पहिल्या काही महिन्यांत जो तो येऊन हापसा मारून गेला, संस्था, दानशूर लोक, सगळे. उथळ बोअर, आणि शेजारी दहा-बारा फुटांवर संडास. नियम ३० मीटरचा. संडास म्हणजे सिमेंटच्या तीन-चार रिंगा जमिनीत सोडायच्या, वर बांबूची झोपडी. एवढ्या माणसांत तो खड्डा भरायला कितीसा वेळ लागणार, आणि वरच्या टेकडीवरचा भरून वाहिला की खालच्याच्या दारात. मग हापशाच्या पाण्यात ई कोलाय, म्हणजे मैल्यातले जंतू, निघाले नसते तरच नवल. त्यातले खूप हापसे नंतर बंद केले, खोल बोअर, सोलर पंप, टेकडीच्या माथ्यावर टाकी आणि खाली क्लोरीन टाकलेलं नळाचं पाणी असं जाळं उभं राहिलं. काम चांगलं झालंय, हे मी छाती ठोकून सांगतो. मैला उपसायचा तर वाटा एवढ्या अरुंद की टँकर शिरत नाही, हातपंपाने पाइपातून नाहीतर बॅरलमध्ये भरून खांद्यावरून काढायचा, पण त्याच्यावर प्रक्रिया करायला ऑक्सफॅमने तिथं मोठा प्लांट बांधला.

पण गंमत बघ. नळावर टेस्ट केली, क्लोरीन तपासायची डीपीडीची गोळी टाकली की पाणी मस्त गुलाबी, क्लोरीन बरोबर. तेच पाणी अल्युमिनियमच्या कळशीतनं टेकडी चढून घरी गेलं, संध्याकाळी त्याच कळशीतलं घेऊन टेस्ट केली तर पांढरं फटक, कारण कळशीला झाकण नाही, आणि ज्या हाताने पोराचं ढुंगण धुतलं त्याच हाताने पेला बुडवलेला. एक आजी मला रोज ऐकवायची, तुझ्या पाण्याला औषधाचा वास येतो, आणि पुढच्या हापशावर जाऊन भरायची. तिथली भाषा चितगावकडच्या बोलीच्या जवळची, आमच्या ढाक्याच्या पोरांनासुद्धा निम्मी कळायची, मला काय कळणार, पण नाक मुरडलेलं कळायचं.

टेकनाफकडं तर जमिनीत पाणीच धड नाही, उन्हाळ्यात साठवलेल्या तळ्यावर आणि टँकरवर चालतं. जत-आटपाडीवाल्यांना समजेल.

आता तू म्हणतेस चादरी उकळत्या पाण्यात टाकल्या. कुठल्या पाण्यात टाकणार? आणि वाळवणार कुठं, शेजारच्याच्या ताडपत्रीवर? जून ते सप्टेंबर तिथं आपल्या कोयनेसारखा पाऊस पडतो.

---

मिरजेचा_पीएसएमवाला

वरच्या दादांनी बाजू बरोबर मांडलीय. मी कम्युनिटी मेडिसिनचा, त्यामुळे आता आमच्या बाजूने थोडं.

खरजेत किडा मारणं सोपं असतं. अवघड काय, तर संपर्कातल्या सगळ्यांना एकाच वेळी औषध. तुमच्या वसतिगृहात पोरं मोजून होती आणि बाहेरून कुणी येत नव्हतं. तिथे एका घराला मलम दिलं तरी पातळ ताडपत्रीच्या पलीकडच्या घरात तीच पोरं खेळायला जातात, आणि एका पांघरुणात चौघं झोपतात. दवाखान्यात येणाऱ्याला औषध देत बसलात तर वर्षानुवर्षं देत बसाल. हे स्लाइडवर लिहिणार असशील तर त्याच्या पुढचंही लिही, खाजवून जखमा, जखमेत स्ट्रेप्टोकोकस, आणि त्यातून लहान मुलांच्या किडनीला सूज. 'साधी खाज' म्हणून सोडायचा आजार नाही तो.

आता तुझा दुसरा प्रश्न, पासपोर्ट नसला म्हणून खाज सुटते का. मस्त प्रश्न आहे, तोच पकड. मी घटसर्पाचं उदाहरण घेईन.

नोव्हेंबर २०१७ मध्ये कॅम्पात घटसर्प सुरू झाला. आमच्या बॅचच्या निम्म्या डॉक्टरांनी तो फक्त पुस्तकात बघितलाय, घशातला तो राखाडी पापुद्रा. तिथे २०१८ संपेपर्यंत आठ हजारांच्या वर संशयित केसेस झाल्या, चाळीसच्या वर माणसं गेली, त्यात लहान मुलं जास्त. अँटिटॉक्सिन, म्हणजे घटसर्पाच्या विषावरचं औषध, जगातच तुटपुंजं, कुणाला द्यायचं ह्याचा हिशोब करावा लागला. का झाला? कारण रखाईनमध्ये ह्या मुलांना ट्रिपलचे, म्हणजे घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वाताच्या लसीचे, डोस धड मिळालेच नव्हते. आणि ते का मिळाले नव्हते, तर १९८२ च्या कायद्याने सरकारने मान्य केलेल्या जमातींच्या यादीबाहेर ठेवून ह्यांचं नागरिकत्वच काढून घेतलं, ती १३५ नावांची यादी आहे आणि त्यात रोहिंग्या नाहीत. नागरिक नाही म्हटल्यावर परवानगीशिवाय दुसऱ्या गावाला जाता येत नाही, दवाखान्याला सुद्धा. २०१२ च्या दंगलीनंतर रखाईनच्या राजधानीजवळ, सित्वेला, लाखाच्या वर लोक त्यांच्याच देशात छावण्यांमध्ये कोंडले, आणि २०१४ मध्ये एमएसएफला रखाईनमधलं काम बंद करायला लावलं. तर आता घटसर्पाचं कारण काय लिहिशील, कोरिनेबॅक्टेरियम हा जंतू की १९८२ चा कायदा? परीक्षेत पहिलं लिही, सेमिनारमध्ये दोन्ही.

हिपॅटायटिस सी पण बघ. २०२३ मध्ये एमएसएफने घरोघरी तपासणी केली, मोठ्या माणसांत पाचातल्या एकाला जवळपास सक्रिय संसर्ग. एवढा आकडा जगात फार कमी ठिकाणी मिळतो. ह्याचं बरंचसं मूळ दूषित सुयांमध्ये असावं असं मानतात, कारण सरकारी दवाखान्याचं दार बंद असलं की माणूस सुई टोचणाऱ्या भोंदूकडे जातो, आपल्या आयाबायांना विचारा एकच सुई गावभर फिरायची ते दिवस. औषध आहे, तीन महिन्यांच्या गोळ्या, शंभरात पंच्याण्णव बरे होतात. पण एवढ्या लोकांना पुरेल इतकी सोय तिथे नाही, आणि स्वतःच्या पैशाने बाहेर जाऊन घ्यावं तर कॅम्पबाहेर जायला कॅम्प-इन-चार्जची, म्हणजे तिथल्या सरकारी अधिकाऱ्याची, परवानगी लागते आणि काम करून पैसे मिळवायला कायद्याने बंदी.

चांगलं पण सांग हां, नाहीतर सगळं रडगाणं होईल. ऑक्टोबर २०१७ मध्ये पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, तोंडावाटे द्यायची लस नऊ लाख डोस आणून दिली, आल्या आल्या, साथ यायच्या आधी. एवढ्या घाणीत मोठी पटकी पेटली नाही. सार्वजनिक आरोग्यातलं हे मोठं काम आहे आणि त्याची बातमी कधी होत नाही, न झालेल्या साथीचा फोटो कोण छापणार.

---

जतचा_वाघ

सगळं बरोबर हाय वो डॉक्टर पण आपल्या बुडाखालचं कोण बघणार? कारखान्यावर जावा नोव्हेंबरात, ऊसतोडीच्या टोळ्या आल्यात, कोप्या बघा पाचटाच्या नायतर ताडपत्रीच्या, पाणी कुठनं आणत्यात बघा, संडास म्हंजे उसाचा फड. बायका सहाव्या-सातव्या महिन्यात मोळी उचलत्यात. बीडच्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या ते २०१९ ला सगळ्या देशानं बघितलं. त्यांच्यावर सेमिनार कोण घेत नाय, बांगलादेशचं बरं सुचतंय सगळ्यांना. आणि उद्या म्हणाल त्यांना इकडं आणा.

---

वाळव्याचा_पाणीवाला

वाघोबा, इकडं आणा असं वर कोण म्हणलंय ते एकदा दाखव मग बोलू. कोप्यांचं तू म्हणतोयस ते शंभर टक्के खरं, मी कारखान्याच्या अड्ड्यावर पाण्याचे नमुने घेतलेत, कुतुपालोंगच्या हापशापेक्षा फार वेगळे नव्हते निकाल. पोरांच्या अंगावर खरूज पण तीच.

फरक कुठं आहे ते सांगतो. टोळी मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे सीझन संपला की गावी जाते. मुकादमाने पिळलं तरी घरी रेशनकार्ड आहे, मतदान आहे, मतदानाला मुकादमच गाडी करून पाठवतो हे तुलाही माहीत आहे. बाई ससूनला जाऊ शकते, पोरगं आश्रमशाळेत घालू शकते, आणि पिशव्यांचं प्रकरण झालं तर विधानमंडळात आवाज उठतो, समिती बसते. समितीने काय दिवे लावले ते सोड, पण बसते. रोहिंग्या बाईच्या नावाने बसायला कुठल्याच देशाची विधानसभा नाही. तिकडं म्यानमार म्हणतं हे बंगाली, इकडं बांगलादेश म्हणतं हे म्यानमारचे. कॅम्पात जन्मलेलं पोरगं ह्याचंही नाही त्याचंही नाही, आणि तिथं वर्षाला तीस हजारांच्या आसपास पोरं जन्मतात.

आणि तू सेमिनार म्हणालास म्हणून, ताई, कोप्यांची एक स्लाइड खरंच टाक. वाघाचा मुद्दा वाया घालवू नको.

---

सातारी_कंदी

(नावावर जाऊ नका, पेढे पाठवत नाही.) भारतातल्या रोहिंग्यांचं कुणी बोललं नाही म्हणून. आपल्याकडेही आहेत, दिल्लीत मदनपूर खादरला, जम्मूत, हैदराबादला, हरियाणात नूहकडे. २०१७ मध्ये सरकारने अंदाज सांगितला होता ४० हजार, युएनएचसीआरकडे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितांच्या संस्थेकडे, नोंद त्याच्या निम्म्याच्या आसपास. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, बांगलादेशनेही नाही, त्यामुळे दोन्हीकडे निर्वासित म्हणून कायद्याने ठरलेला हक्क नाही, आज जे मिळतं ती सवलत. दिल्लीतली वस्ती २०१८ ला जळली आणि २०२१ ला पुन्हा जळली.

आगीवरून, कुतुपालोंगची मार्च २०२१ ची आग पण घे. किमान पंधरा माणसं गेली, पंचेचाळीस हजारांच्या आसपास बेघर. कॅम्पभोवती तारेचं कुंपण घातलेलं, पळताना लोक त्यात अडकले असं आगीतून वाचलेल्या लोकांनी सांगितलंय. बांबू, ताडपत्री, गॅस सिलिंडर आणि कुंपण. ह्यातला एकेक घटक वेगळा घेतला तर प्रत्येकाला काहीतरी कारण आहे, एकत्र आले की काय होतं ते बघा.

---

कृष्णाकाठची_सिस्टर

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे मनापासून आभार 🙏 वाघदादा तुमची स्लाइड नक्की, शेवटी नाही, मधेच टाकते. पासपोर्टचं वाक्य मी आता सेमिनारच्या सुरुवातीलाच प्रश्न म्हणून विचारणार आहे.

एकच राहिलं, कुपोषण. मला आकडे जुळत नाहीयेत. कुठे लिहिलंय २०१७ नंतर कमी झालं, कुठे लिहिलंय वाढलं. आणि तिथेही अंगणवाडीसारखी दंडाला पट्टी लावतात का?

---

मिरजेचा_पीएसएमवाला

दोन्ही बरोबर आहेत, वर्ष बघ. २०१७ च्या शेवटी कुतुपालोंगमध्ये पाच वर्षांखालच्या चारातलं जवळजवळ एक मूल कुपोषित होतं. डब्ल्यूएचओ १५ टक्क्यांच्या वर गेलं की आणीबाणी म्हणते. मग उपचार केंद्रं उघडली, रेशन नीट मिळायला लागलं, आकडा खाली आला. आणि २०२३ मध्ये परत १५ च्या वर गेला.

मधे काय झालं ते रेशनमध्ये बघ. जागतिक अन्न कार्यक्रमाचं माणशी महिन्याला १२ डॉलरचं व्हाउचर होतं. देणगीदारांनी हात आखडता घेतला, मार्च २०२३ ला १० केलं, जूनला ८. आठ डॉलर म्हणजे तेव्हाचे साडेसहाशे रुपये, दिवसाला बावीस. त्यात तांदूळ, डाळ, तेल सगळं. घरात कमावता कुणी नाही कारण कमवायला परवानगी नाही. त्यामुळे व्हाउचर घटलं की ताट घटतं, मधे दुसरा आधारच नाही. आधी अंडं जातं, मग मासळी, शेवटी मीठ-मिरची-भात. २०२४ पासून टप्प्याटप्प्याने परत वाढवलं. मार्च २०२५ मध्ये ६ वर आणतो अशी नोटीस निघाली होती, ऐनवेळी पैसे आले आणि १२ वरच राहिलं. आणि ह्या सगळ्यात २०२४ पासून रखाईनमधल्या नव्या लढाईमुळे आणखी दीड लाखाच्या आसपास लोक आलेत, त्यांना त्याच ताडपत्रीखाली घेतलंय.

पट्टी तीच. साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली लाल, आपल्याकडे सॅम म्हणजे अतितीव्र कुपोषण म्हणतो तेच, आणि औषध म्हणून शेंगदाण्याच्या पेस्टचं पाकीट. रेशनचे आकडे आणि कुपोषणाचे आकडे एकाच स्लाइडवर वर्षाप्रमाणे मांड, बाकी फार बोलायची गरज पडणार नाही.

---

वाळव्याचा_पाणीवाला

आणि फोटो टाकताना पोरांचे तोंड दिसणारे टाकू नको, उघडी पोरं तर मुळीच नाही. नेटवर ढीग पडलाय तसल्या फोटोंचा. नळकोंडाळ्याचा टाक, टेकडीच्या पायऱ्यांचा टाक, वाळूच्या पोत्यांच्या असतात त्या. पाहिजे असतील तर माझ्याकडे आहेत, मेसेज कर, संडासाच्या रिंगांचे तर एवढे आहेत की बायको म्हणते फोनमध्ये माझा एकपण धड फोटो नाही.

---

जतचा_वाघ

सेमिनार कधी हाय ते सांग ताई. कोप्यांचे फोटो पाहिजे आसतील तर सीझन चालू झाल्यावर मी काढून देतो, मुकादम वळखीचा हाय. तोंडं न्हाय काढत.